निजटोपी

ठकीला पाळणाघरातून घेतलं की रिक्षात बसायच्याही आधी ऋतुजा एक गोष्ट करायची. लेकीला कडेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि तिच्या टाळूवर नाक टेकवून एक लांब श्वास घ्यायची. झालं. साहेबाची कटकट, उड्डाणपुलावरचा धूर, पाठीतली कळ, सगळं त्या एका श्वासात निवायचं. आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आपल्याकडे लेकराची टाळू कोण हुंगत नाही? आजी हुंगते, मावशी हुंगते, शेजारची काकूसुद्धा पोर हातात आलं की आधी त्याच्या डोक्याशी नाक नेते. खरं आहे. पण ऋतुजाला हल्ली त्याची तल्लफ यायला लागली होती. दुपार कलली की विमा कार्यालयातल्या खुर्चीत तिचा जीव वरखाली व्हायचा, चहाने भागायचं नाही, आणि पाळणाघराच्या फाटकाशी पोचेपर्यंत ती कुणाशी धड बोलायचीही नाही. तिला मात्र याचं कौतुकच होतं. आईचं काळीज असंच असायचं, असं ती मैत्रिणींना सांगायची.

घर नाशिकचं, पाथर्डी फाट्याच्या पुढच्या नव्या वसाहतीतलं, चौघांचं. ऋतुजा खैरनार, तिचा नवरा भूषण, तीन वर्षांची ठकी आणि भूषणची आई, माई. भूषणचा धंदा द्राक्षबागांवर ड्रोनने औषध फवारून द्यायचा, त्यामुळे हंगामात तो घरी यायचा तो दमून, चिडचिडा होऊन. पण ठकीची टाळू हुंगली की तोही लोण्यासारखा मऊ व्हायचा.

माईची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भूषण शाळेत असताना कोरोनाची साथ आली, त्यात माईचं नाक गेलं ते गेलंच. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला पत्ता नसे. स्वयंपाकघरात तिच्यासाठी धूर ओळखणारा भोंगा बसवला होता आणि तो दिवसाआड कोकलायचा. तरीही ठकी जवळ आली की माई तिची टाळू हुंगायचीच. ऋतुजा चिडवायची, माई, तुम्हाला कुठे काय कळतंय? माई म्हणायची, कळायला कशाला हवं, पद्धत आहे. आणि दोघी हसायच्या.

पाळणाघराचं नाव मायाघर. अशी मायाघरं आता गावोगाव निघाली होती. जेवणानंतर मुलांना ओळीने गाद्यांवर झोपवायचे आणि झोपताना प्रत्येकाच्या डोक्यावर मऊ सुती टोपी घालायचे. तिला म्हणायचे निजटोपी. ज्याची त्याची वेगळी, खुंटीवर ज्याच्या त्याच्या चित्राखाली टांगलेली. ठकीचं चित्र भोपळ्याचं. झोपायच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी डबी होती, तिला सगळे पालक गमतीने नाक म्हणायचे.

पहिल्या पालकसभेत मायाघर चालवणाऱ्या कंपनीच्या एका टापटीप तरुणाने या नाकाची आणि टोपीची माहिती दिली होती. तो म्हणाला ते असं. प्रत्येक माणसाला स्वतःचा वास असतो, बोटाच्या ठशासारखा, आणि लहान मुलाच्या टाळूवर तो सर्वांत दाट असतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत शिरताना आधी एका चौकीवर थांबतं, तिथे तपासलं जातं, मग आत सोडलं जातं. वासाला चौकी नाही. तो नाकातून निघतो आणि थेट जिथे भीती, माया आणि जुन्या आठवणी राहतात त्या माजघरात जाऊन बसतो. म्हणून लेकरू हुंगलं की आधी भरून येतं आणि विचार मागाहून सुचतो. भिंतीवरचं नाक प्रत्येक मुलाचा वास उलगडतं, त्यातले आईबापांना सर्वांत भिडणारे घटक कंपनी हुबेहूब तयार करते आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कुप्यांत भरून टोपीच्या अस्तराला लावते. झोपेत त्या कुप्या केसांना चिकटतात. घरी कुणी डोक्यावरून हात फिरवला, श्वासाची ऊब लागली, की त्या फुटतात. मूल घरी येतं ते स्वतःच्याच वासाचं, फक्त चौपट.

दमून घरी येणाऱ्या आईबापांची ओढ टिकावी म्हणून हे सगळं, असं तो म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. शेवटी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. सगळ्या टोप्यांत एक जादा वास असतो, मंद, सगळ्यांना सारखा, आणि तोच वास काही निवडक कंपन्यांच्या वस्तूंनाही दिलेला असतो, म्हणजे पालकांना खात्रीची वस्तू चटकन ओळखता यावी. पण तोवर बटाटेवडे आले होते आणि लोक उठले होते. ऋतुजा तर पहिल्या रांगेतून सर्वांत आधी उठली होती.

पुढे घरात काय काय आलं ते विचारू नका. मायाघरची पावडर, मायाघरने सुचवलेलं दप्तर, पाण्याचं यंत्र, नाचणीचं सत्त्व. दुकानात यातला एखादा डबा हातात घेतला की वाटायचं, हे आपल्याच घरचं आहे, ते इथे परक्या फळीवर ठेवून कसं जायचं? भूषण एकदा गाद्यांच्या दुकानात एका गादीला मिठी मारून उभा राहिला होता आणि दुकानदार गालात हसत होता. घरी आल्यावर माईने गादी चाचपली आणि म्हणाली, चांगली आहे, पण आपली काय वाईट होती?

संक्रांत झाली आणि मायाघरात बोरन्हाण ठरलं. हे दरवर्षीचं. पोरांना काळी झबली, काळे फ्रॉक, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. मग ओळीने पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या आणि पोरांनी ते वेचायला धावायचं. आया सकाळी येऊन गाणी म्हणून, फोटो काढून कामाला गेल्या. ठकीच्या शेजारच्या पाटावर ऊर्वी गांगुर्डे होती, तशीच तीन वर्षांची, त्याच चणीची, तशीच गोल तोंडाची. दोघींनी एकमेकींचे हार चाटून चाटून चिकट केले होते. जेवणं उशिरा झाली, पोरं पेंगुळली, सेविकांची धांदल उडाली. मुकुट उतरवून टोप्या घालताना काळ्या फ्रॉकांतल्या त्या दोन पोरींत गफलत झाली. भोपळ्याखालची टोपी ऊर्वीच्या डोक्यावर गेली आणि ऊर्वीची ठकीच्या. ज्या वर्गात मुलांना एरवी फ्रॉकच्या रंगावरून ओळखायचे तिथे बोरन्हाणाच्या दिवशी दुसरं काय होणार होतं?

संध्याकाळी ऋतुजा फाटकाशी पोचली. ठकी धावत आली. ऋतुजाने तिला उचललं, डोळे मिटले, टाळूवर नाक टेकवलं आणि तिची मान झटक्यात मागे गेली.

वास घाण नव्हता. गोडच होता. पण परका होता. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावं, त्यांची भांडी, त्यांचे कपडे दिसावेत आणि पाय तिथेच थबकावेत, तसं तिला झालं. डोळे सांगत होते, ही ठकी आहे, हिच्या हनुवटीवरचा ओरखडा कालचाच आहे. आणि आत कुणीतरी ठामपणे सांगत होतं, हे माझं नाही, खाली ठेव.

तेवढ्यात शेजारून ऊर्वीला कडेवर घेऊन तिची आई हर्षला गेली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि ऋतुजाचं सगळं अंग तिकडे वळलं. छाती भरून आली, हात आपोआप पुढे झाले. माझी ठकी तिकडे आहे, असं तिला वाटलं, आणि ठकी तर तिच्या हातात होती. हर्षला दोन पावलांवर थांबली होती. तिने ऊर्वीला अंगापासून जरा लांब धरलं होतं आणि ती टक लावून ठकीकडे बघत होती, उपाशी माणूस ताटाकडे बघतो तशी. दोघींची नजर भिडली. ऋतुजा ठकीला घेऊन जवळजवळ पळतच रिक्षात बसली.

घरी आल्यावर ठकी नेहमीसारखी मांडीवर यायला लागली. ऋतुजाने तिला भातुकली काढून दिली, मग चुरमुरे दिले, मग खोटंच म्हणाली की पोट दुखतंय. भूषण आला. त्याने सवयीने लेकीला उचललं, हुंगलं आणि खाली ठेवलं. मग तो मोरीत गेला आणि त्याने साबण लावून हात धुतले. ऋतुजाने ते पाहिलं. तिलाही तासाभरापासून हात धुवावेसे वाटत होते.

दिवेलागणीला, भूषण ड्रोन धुवायला खाली गेला असताना, दार वाजलं. हर्षला होती, कडेवर ऊर्वी, केस विस्कटलेले. आत येऊ का, हेही तिने विचारलं नाही. म्हणाली,

"ठकीची आई, मला फक्त एकदा तिला जवळ घेऊ द्या. एकदाच."

ऋतुजाला नाही म्हणायचं होतं. पण ऊर्वी दारातून आत आली आणि तिच्याबरोबर तो वासही आत आला. पुढचं ऋतुजाला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की ती सोफ्याच्या एका टोकाला ऊर्वीला घट्ट कवटाळून बसली होती, नाक तिच्या केसांत, आणि जगात दुसरं काही उरलं नव्हतं. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला हर्षला तशीच, ठकीला छातीशी धरून, डोलत, डोळ्यांतून धारा. दोन्ही पोरी किंचाळत होत्या. दोघी आपापल्या आईकडे हात करत होत्या, लाथा झाडत होत्या. ऋतुजाला ते रडणं लांबून, बंद खिडकीबाहेरून यावं तसं येत होतं. तिला एकच वाटत होतं, की हातातली माझी रडतेय आणि समोरची कुणाचीतरी.

माई देवापाशी वात लावत होती. ती बाहेर आली, तिने पाहिलं, आणि ती भ्यायली. तिने आयुष्यात खूप पाहिलं होतं, पण हे तिला कळेना. ती पुढे झाली, तिने ठकीला हर्षलाच्या हातांतून अक्षरशः ओढून काढलं.

"अगं बायांनो, पोरी गुदमरतायत. दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. नुसतं दिसून भागत नव्हतं, एवढंच. हर्षला ऊर्वीला घेऊन गेल्यावर ऋतुजा दाराशी उभी राहून रडली, आणि आपण कुणासाठी रडतोय हे कळल्यावर तिने दार आतून लावून घेतलं.

तिने ठकीला न्हाणीघरात नेलं आणि शिकेकाईने डोकं धुतलं, पुन्हा धुतलं, खसाखसा पुसलं. तो परका वास गेला. तिने मोठ्या आशेने टाळूवर नाक टेकवलं. काहीच नाही. ओल्या केसांचा, शिकेकाईचा वास, आणि खाली फिकट असं काहीतरी. परकेपणा गेला होता, पण त्याच्या जागी काही आलं नव्हतं. समोर एक गुणी, नीटनेटकी, शेजारपाजारची वाटावी अशी मुलगी टॉवेलात उभी होती. ऋतुजा तिच्या कानामागचा तीळ बघत राहिली, लस टोचल्याचा डाग बघत राहिली. सगळ्या खुणा पटत होत्या आणि जीव हलत नव्हता.

"आई, मी काय केलं?" ठकीने विचारलं.

ऋतुजाने तिला जवळ घेतलं. पण ते घेणं आणि सामान उचलणं यांत फरक नव्हता, आणि पोरींना हे कळतं. ठकी माईजवळ जाऊन झोपली.

सकाळी ऋतुजा ठकीला घेऊन मायाघरात गेली ती थेट दाणी मॅडमच्या खोलीत. दाणी मॅडम तिथल्या संचालिका. बाई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड होतं. त्यांनी सेविकांच्या गफलतीची माफी मागितली, ठकीला खाऊ दिला, ऋतुजाला पाणी दिलं. मग शांतपणे समजावून सांगितलं. जास्त मीठ खाणाऱ्याला घरचं साधं वरण अळणी लागतं, तसं हे आहे. मेंदूला चौपट वासाची सवय झाली की एकपट वास त्याला पोचतच नाही. वरण बिघडलेलं नसतं, जीभ बदललेली असते. घाबरायचं कारण नाही, आजच्या दुपारी ठकीला तिची टोपी घालू, संध्याकाळी सगळं पूर्ववत.

ऋतुजाने विचारलं, आणि टोपी कायमची बंद केली तर? माझं हे आपोआप परत येईल का?

मॅडमनी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, येईलही. महिने लागतील, कदाचित वर्ष. कदाचित नाहीही येणार. आजवर कुणी बंद केलेलीच नाही, तर आम्हाला कसं कळणार? मग त्या पुढे वाकल्या.

"आणि तोपर्यंत तुम्ही मुलीला काय द्याल, ताई? नुसतं कर्तव्य? तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

ठकी तिची ओढणी धरून उभी होती. मॅडमच्या टेबलावर नव्या सत्राची माहितीपत्रकं होती, आणि बोलता बोलता त्यांनी कौतुकाने सांगितलं की आता शाळांनीही टोप्या मागवल्यात, आणि महापालिकेच्या निवडणुकीतला एक उमेदवार आपल्या पत्रकांना तोच मंद वास देता येईल का म्हणून विचारून गेलाय. आईबाप एकदा विश्वास टाकतात तो किती ठिकाणी कामाला येतो बघा, असं त्या म्हणाल्या.

बाहेर हर्षला भेटली. ती सकाळी लवकरच येऊन, ऊर्वीला नवी टोपी घालून, जरा निजवून बसली होती. आता ऊर्वी तिच्या खांद्यावर होती आणि हर्षलाचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. ती म्हणाली, घाला हो टोपी, ठकीची आई, कशाला जिवाला त्रास करून घेता? कालचं आपण विसरून जाऊ. आणि ती ऊर्वीचे मुके घेत निघून गेली.

सेविकेने ठकीची टोपी आणून ऋतुजाच्या हातात दिली. नवी, नुकतीच भरलेली, भोपळ्याचं चित्र शिवलेली. ऋतुजाने ती घेतली आणि सहज, अगदी सहज, नाकाशी नेली.

सगळं परत आलं. पहिल्यांदा ठकी तिच्या छातीवर ठेवली होती तो दिवस, तिचे मुठीत वळलेले हात, पहिलं पाऊल, तापातलं कण्हणं. ती तिथेच फरशीवर बसली, टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली, तिला थोपटायला लागली आणि पुटपुटायला लागली, माझी बाय ती, माझी सोनी ती. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी तिची ओढणी ओढत होतं आणि तिने त्रासून तो हात झटकला.

मग तिने वर पाहिलं. तो हात ठकीचा होता.

ऋतुजाने टोपी अशी फेकली, जणू ती हातात वळवळली होती. ठकीला उचलून ती फाटकाबाहेर पडली आणि पुन्हा कधी त्या फाटकात गेली नाही.

ते दिवस कसे गेले ते घरातल्या चौघांनाच ठाऊक. माईने दिवसभर ठकीला सांभाळायचं ठरलं. ऋतुजा सगळं करायची. वेण्या घालायची, घास भरवायची, गोष्ट सांगायची. पाठ केलेला धडा म्हणावा तसं. भूषण आधी समजुतीने घेत होता, मग चिडला, मग एक दिवस जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला,

"मला घरी यावंसं वाटत नाही गं. बागेतच थांबावंसं वाटतं. आपण तिला टोपी घालू. काय बिघडतं? माया तर आपलीच ना?"

ऋतुजा म्हणाली, मी टोपीला थोपटत होते भूषण, आणि हिचा हात झटकला. ते तिने इतक्या हळू सांगितलं की भूषणने पुन्हा विषय काढला नाही. पण ती मात्र त्याच दिवसापासून त्याच्यावर लक्ष ठेवायला लागली. तो ठकीला खेळायला घेऊन गेला की परतल्यावर तिचे केस तपासायची. त्याच्या गाडीची डिकी उघडून बघायची. नवरा फसवेल असं तिला वाटत नव्हतं, पण ती रडवेली ओढ तिने स्वतः भोगली होती आणि तिच्यापुढे माणूस काय करेल याचा भरवसा नव्हता.

एकदा माई ठकीला न्हाऊ घालत होती. घंगाळातलं पाणी कोपराने बघायची, कपाळावर आडवा हात धरायची म्हणजे डोळ्यांत जात नाही, आणि मग तांब्या ओतायची. ऋतुजा दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, माई, तुम्हाला हिचा वास कधीच आला नाही ना?

माई म्हणाली, कधीच नाही. जन्मली तेव्हा सगळ्यांनी हुंगली, सगळे म्हणाले काय गोड वास येतोय. मीही हुंगली आणि मला काहीच आलं नाही. मी मनातून इतकी घाबरले होते ऋतुजा, की ही मला आपली वाटेल की नाही. कुणाला सांगणार? मग मी रोज न्हाऊ घालत राहिले. कधी आपली वाटायला लागली ते मलाही कळलं नाही.

त्या दिवसापासून न्हाऊ घालायचं काम ऋतुजाने स्वतःकडे घेतलं. माईसारखं कोपराने पाणी बघायचं, माईसारखा कपाळावर हात. पण त्यातही एक भलतंच होऊन बसलं. कधीकधी ठकीला जेवताना बघून, तिचं बोबडं गाणं ऐकून ऋतुजाच्या आत बारीकसं काही हलायचं. आनंद व्हायच्या आधी तिच्या काळजात धस्स व्हायचं. हे कुठून आलं? कुणी टोपी घातली? जुन्या कुपीतली एखादी केसांत राहिली होती का? आणि ती लेकीला उचलून न्हाणीघरात न्यायची, डोकं स्वच्छ धुवायची, आणि मग तपासायची, अजून हलतंय का. बहुधा काही हलत नसे, कारण भीतीने सगळंच गोठलेलं असायचं. ठकीचे केस कोरडे, राठ झाले. ती तक्रार करायची नाही. ती आताशा कसलीच तक्रार करायची नाही.

असा उन्हाळा आला. एका रविवारी दुपारी भूषण शिर्डीच्या बाजूला बागेवर गेला होता. माई पंख्याखाली शेंगा सोलत बसली होती. ठकीने बाहुलीला पाटावर बसवलं होतं आणि तिचं बोरन्हाण चाललं होतं. वाटीभर चुरमुरे घेऊन ती बाहुलीच्या डोक्यावर ओतत होती. ओतून झाल्यावर तिने बाहुलीला उचललं, डोळे मिटले, तिच्या डोक्यावर नाक टेकवलं, आणि मान झटक्यात मागे नेली. बाहुली खाली ठेवली. मग फ्रॉकला दोन्ही हात पुसले, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा.

ऋतुजा दारात उभी होती. तिला आधी कळलं नाही की आपण काय पाहिलं. आणि मग कळलं, आणि तिच्या आत बांध फुटला. पोटातून, पायांतून, कुठून कुठून माया उसळून आली. टोपीने आणली होती त्याहून जास्त, आणि त्यात ते गोड काही नव्हतं, सगळी आग होती. माझं लेकरू, माझं लेकरू, असं तिचं सगळं अंग म्हणायला लागलं. ती पुढे धावली.

आणि मधेच थांबली. तिने माईला विचारलं, आज ही कुठे गेली होती? कुणी आलं होतं? भूषण सकाळी हिला खाली घेऊन गेला होता का?

माई म्हणाली, "कुठे जाईल गं? सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. डोक्याला तेल मीच लावलं."

तेल. कुठलं तेल, कुठल्या दुकानातलं? माईला त्याचा वास कसा कळणार होता? बाटली जुनीच होती, घरातलीच होती, ऋतुजाने स्वतः भरून ठेवली होती, हे तिला ठाऊक होतं. माई खोटं बोलत नाही हेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं आणि तरी विश्वास बसत नव्हता. छातीत एवढं भरून आलंय ते आपलंच आहे, असं म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. ती ठकीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने, खात्री करायला म्हणून, हळूच नाक तिच्या टाळूकडे नेलं.

ठकीने वर पाहिलं. आईचं तोंड आपल्या डोक्याजवळ आलेलं तिला दिसलं आणि पुढचं तिला पाठ होतं. ती उठली, बाहुली बाजूला ठेवली, आपल्या पायांनी न्हाणीघरात गेली, फ्रॉक काढला आणि पाटावर जाऊन बसली. दोन्ही कान हातांनी झाकले, डोळे गच्च मिटले.

"धू, आई," ती म्हणाली. "मग जवळ घे."

ऋतुजा न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात लेकीला ओढून घ्यायला आसुसले होते, आणि भीती तिच्या मानेवर बसली होती. तिने घंगाळात पाणी काढलं. ऊन की गार ते कोपराने पाहिलं. मग ठकीच्या कपाळावर आडवा हात धरला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून, आणि तांब्या ओतला.